आगोटीची बचत, एमआरपीची बचत

मोठ्या दुकानातून सामान घेतलं की बिलाच्या तळाशी, एमआरपीपेक्षा आपले किती रुपये वाचले, तो आकडा छापलेला असतो. पेण-रोह्याहून रविवारी पनवेल-खारघरला जाऊन महिन्याचं वाणसामान भरून आणणारी घरं आता थोडीथोडकी नाहीत. पिशव्या रिकाम्या होण्याआधी तो आकडा मोठ्याने वाचला जातो. आकडा खोटा नसतो. पण तो मोजलेला असतो एमआरपीपासून, म्हणजे कारखानदाराने स्वतःच पुड्यावर छापलेल्या किमतीपासून. पेण-रोह्यात मागच्या पिढ्याही वाणसामानात बचत करत होत्या, आणि त्यांचा हिशेब आपल्यापेक्षा कच्चा नव्हता. मात्र तो दुसरीकडूनच सुरू व्हायचा.

तो सुरू व्हायचा वैशाखात. पावसाळ्याआधी चार महिन्यांचं सामान घरात भरून टाकायचं, त्याला कोकणात आगोटीची खरेदी किंवा आगोटीची बेगमी म्हणतात. पेणला अंतोऱ्याचं बंदर, पुढे धरमतरची खाडी, रोह्याला कुंडलिका. भरतीच्या पाण्यावर मचवे आत येत, माल उतरवत आणि भात, मीठ घेऊन जात. जेठात समुद्र खवळला की ही वाहतूक बंद पडे, ती नारळी पौर्णिमेपर्यंत. रस्ते मातीचे, नद्यांवर पूल थोडे. म्हणजे जून ते ऑगस्ट बाजारात माल कमी, भाव चढे, आणि गिऱ्हाईक हवालदिल. ज्याने मे महिन्यात खरेदी केली त्याची बचत म्हणजे मेचा भाव आणि श्रावणाचा भाव यांतला फरक. तो कुणी छापून देत नव्हतं, पण ती खरी बचत होती. न भरणाऱ्या शेजाऱ्याला तोच माल चढ्या भावाने घ्यावा लागलेला डोळ्यांसमोर दिसायचा.

काय काय भरायचं, त्याची यादी आजही या भागातल्या म्हाताऱ्या बायका न अडखळता सांगतात. कणगीत भात, त्यातलं थोडं भरडून तांदूळ. भातानंतर त्याच जमिनीच्या ओलीवर आलेले कडवे वाल, चवळी; शिवाय तूर. अलिबागकडच्या पांढऱ्या कांद्याच्या माळा आढ्याला. वर्षाचा मसाला: मिरच्या उन्हात कडकडीत वाळवून, धणे-खोबरं भाजून, कांडपावर कुटून बरणीत. चिंच, आमसुलं. पेणच्या मिठागरांतलं खडेमीठ. पेणचे पोहे आणि पोह्यांचे पापड, मिरगुंडं. आणि सुकी मासळी: सुकट, जवळा, बोंबील, वाकट्या, ऐपत असेल तर सोडे. सुक्या मासळीचं गणित आजही तेच आहे. राज्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, त्यामुळे मेअखेरीला आणि जुलैअखेरीला एकाच बोंबलाचा भाव एक नसतो. कोळिणींशी घासाघीस करून मेमध्ये डबा भरणारी बाई वायदेबाजारातल्या व्यापाऱ्याइतकीच मुरलेली असते, आणि तिचा माल निदान खाता तरी येतो.

या बचतीचं फार गुणगान गाण्याआधी एक गोष्ट सांगायला हवी. ती सगळ्यांना परवडत नव्हती. आगोट भरायला हातात एकरकमी पैसा लागतो, किंवा स्वतःची जमीन. कुलाबा जिल्हा भाताचं कोठार म्हणवला जायचा (रायगड हे नाव १ जानेवारी १९८१ पासूनचं), पण त्या कोठाराची किल्ली खोत-सावकारांकडे असायची. १९३३ पासून सहा वर्षं अलिबागजवळच्या चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या पुढाकाराने जमीन न कसण्याचा संप केला, तो पिकवणाऱ्याच्याच घरात भात उरत नव्हतं म्हणून. पेण-रोह्याच्या डोंगरपट्ट्यातल्या कातकरी-ठाकरांना तर आगोट शब्दाशी देणंघेणंच नव्हतं. पावसाळ्यात खाण्यापुरतं धान्य उचलायचं, त्याला खावटी म्हणायचं, आणि सुगीला सवाईने किंवा दिढीने फेडायचं: मणाला सव्वा मण, नाहीतर दीड मण. पाच-सहा महिन्यांत शेकडा २५ ते ५०. महाग असताना घेतलेलं धान्य स्वस्त असताना परत जायचं म्हणून पैशांत व्याज काहीसं कमी भरायचं, असं कुणी म्हणेल. ज्याला व्याजच धान्यात द्यायचं आहे त्याला या युक्तिवादाचा उपयोग नाही. शेजारच्या वाड्यात जी बचत जमा होत होती, तिचा दुसरा भाग या वाडीत कर्ज म्हणून लिहिला जात होता. हे प्रकरण फार जुनंही नाही. आदिवासी विकास खात्याची खावटी कर्ज योजना पुढे कित्येक वर्षं चालली, आणि करोनाच्या काळात राज्य सरकारने खावटी अनुदान दिलं, कुटुंबामागे ४००० रुपये: निम्मे बँकेत, निम्म्याचं वाणसामान.

मधल्या लोकांचा आधार होता वाणी. त्याच्याकडच्या खात्याची टिंगल करायची फॅशन आहे, पण पेणसारख्या गावात पैसा कसा फिरतो ते पाहिलं की खात्याचं मोल कळतं. पेण, हमरापूर, जोहे इथल्या गणपतीच्या कारखान्यांत काम जवळजवळ वर्षभर चालतं, पैसा मात्र मुख्यतः भाद्रपदाच्या आगेमागे येतो. एरवीच्या महिन्यांत मूर्तिकाराच्या घरची चूल पेटते ती वहीतल्या उधारीवर. वाणी व्याज लावत नाही, भाव दोन पैसे वर ठेवतो. तिकडे रोह्याला धाटावची औद्योगिक वसाहत आली, नागोठण्याला पेट्रोकेमिकलचा कारखाना आला, आणि महिन्याच्या पगाराबरोबर महिन्याची यादी आली. वर्षाची आगोट, सणाची उधारी, महिन्याची यादी: पैसा ज्या गतीने घरात येतो त्या गतीने डबे भरतात. बचतीचे सल्ले देणारे हे फार लवकर विसरतात.

बचतीचं आणखी एक साधन म्हणजे कूपन. पण या भागात ते आलं ते सवलत म्हणून नाही. ते आलं टंचाईतून. १९४२ साली ब्रह्मदेश जपानच्या हातात गेला, तिथला तांदूळ बंद झाला, आणि १९४३ च्या मे महिन्यात मुंबईत धान्याचं रेशनिंग सुरू झालं. मुंबईला कामाला असलेल्या चाकरमान्याच्या खिशात पहिल्यांदा एक असा कागद आला, की ज्याच्यावर किती शिधा मिळणार ते लिहिलेलं होतं आणि दुकानदाराला ते नाकारता येत नव्हतं. गावी राहिलेल्या त्याच्या भावाला याच व्यवस्थेची दुसरी बाजू पुढे लेव्हीच्या रूपात दिसली: पिकलेल्या भातातला वाटा सरकारी दराने घालायचा. १९४३ च्याच ऑगस्टमध्ये मूळचे रोह्याचे चिंतामणराव देशमुख रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. पुढे ते अर्थमंत्री असताना, १९५५ साली, दशमान नाण्यांचा कायदा झाला आणि १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे १०० नवे पैसे झाले. हे इथे आणण्याचं कारण असं की सोळा आण्यांच्या रुपयात शेकडा दहा सूट म्हणजे एक आणा आणि वर काही पै. असला हिशेब पाटी लावून सांगता येत नाही. पाठोपाठ शेर-पायली जाऊन किलो आला. टक्क्यांत सूट देणारं दुकान उभं राहायला ही जमीन लागत होती. मापावर वर टाकायची मूठ मात्र तराजूचा काटा बारीक झाला तशी आखडत गेली.

यानंतरची गोष्ट मुंबईत घडते, पण तिच्यात कोकणी माणूस पहिल्यापासून आहे. तिचं मूळ मात्र दूरचं. इंग्लंडातल्या रॉचडेल गावी १८४४ साली विणकर आणि इतर कारागिरांनी, संख्येने २८, पैसे जमवून स्वतःचं दुकान काढलं. पीठ, साखर, लोणी, मेणबत्त्या; माल शुद्ध, माप चोख, उधारी बंद. नफा उरला की ज्याने जेवढी खरेदी केली त्या प्रमाणात त्याला परत. आज मोबाइलवर जमा होणाऱ्या ‘पॉइंटां’चा खरा पूर्वज तो लाभांश, फरक एवढाच की तिथे गिऱ्हाईक मालक होतं. तो विचार सहकारी चळवळीतून इकडे आला, आणि १९४८ साली नायगावच्या गिरणगावात कामगारांची ग्राहक सहकारी संस्था निघाली, तीच पुढे अपना बाजार म्हणून वाढली. गावी मनीऑर्डर धाडणाऱ्या गिरणीकामगाराला इथे दोन पैसे वाचले तर ते कोकणातल्या घरी पोचत.

१९७२ च्या दुष्काळानंतर महागाई भडकली, तेव्हा मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते या बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. महागाई प्रतिकार समितीच्या मोर्चांची मागणी साधी होती: तेल, साखर, रॉकेल ठरल्या दराने मिळालं पाहिजे. घरखर्चातली बचत हा सरकारला विचारायचा प्रश्न आहे, असं ठणकावून सांगणारा तो बहुधा शेवटचा मोठा प्रसंग. त्याच सुमाराला बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली, आणि १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत निघाली. तिची वितरणपद्धत मला या सगळ्या मागोव्यात सर्वांत हुशार वाटते. शेजारपाजारच्या घरांचा एक संघ. महिन्याची यादी आधी भरायची, पैसे आधी द्यायचे. पंचायत सगळ्यांची मागणी एकत्र करून घाऊक खरेदी करते, ठरल्या दिवशी एका घरी माल उतरतो, आणि संघातल्या बायका तो वाटून घेतात. दुकानाचं भाडं नाही, जाहिरात नाही. सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे यादी घरी बसून केलेली असते, मांडणीसमोर उभं राहून नाही. नको असलेली वस्तू पिशवीत येतच नाही. अडचण एकच, पण मोठी: शेजारणींचं एकमेकींशी पटावं लागतं आणि कुणाला तरी दर महिन्याला राबावं लागतं.

जाहिरातीचं कूपन अमेरिकेतलं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला कोका-कोलाने फुकट पेल्याच्या चिठ्ठ्या वाटल्या, आणि पुढे, विशेषतः १९३० च्या मंदीत, वर्तमानपत्रातून कूपनं कापून ठेवणं हे तिथल्या गृहिणीचं कामच होऊन बसलं. आपल्याकडे हे रुजलं नाही. ‘आपल्याला चिकाटी नाही’ असलं स्पष्टीकरण मला पटत नाही, कारण रेशनच्या रांगेत उभं राहिलेल्या लोकांना चिकाटी शिकवायची गरज नव्हती. माझ्या मते कारण साधं आहे. अमेरिकेत भाव दुकानदार ठरवतो, म्हणून कारखानदाराला गिऱ्हाइकापर्यंत सवलत पोचवायला वेगळी चिठ्ठी लागते. आपल्याकडे कारखानदाराच्या हातात वेष्टनच होतं, आणि किंमतही तोच छापत होता. तो तिथेच ‘२० टक्के जादा’ लिहून मोकळा होतो. म्हणून आपल्याकडची कूपनं वस्तूच्या पोटातून आली: बिनाका टूथपेस्टच्या खोक्यातले चिमुकले प्लॅस्टिकचे प्राणी, चहाच्या पुड्याबरोबर काचेचा पेला, साबणावर साबणदाणी. १९९९ साली ब्रिटानियाच्या ‘खाओ, वर्ल्ड कप जाओ’ने तर बिस्किटाच्या वेष्टनावर धावा छापल्या आणि घराघरांतल्या पोरांना शंभर धावांसाठी पुडे संपवायला लावले. त्यात कुणाचे पैसे वाचले म्हणाल, तर वाचले नाहीतच. बिस्किटं मात्र खपली.

या सगळ्याच्या मधोमध १९९० हे वर्ष आहे. वेष्टनबंद मालाच्या १९७७ च्या नियमांत तेव्हा दुरुस्ती झाली. त्याआधी पुड्यावर किंमत आणि पुढे ‘स्थानिक कर वेगळे’ असं लिहिता येई, आणि वेगळे म्हणजे किती ते दुकानदार आपल्या मनाने ठरवी. दुरुस्तीनंतर सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत छापणं सक्तीचं झालं. गिऱ्हाइकाच्या रक्षणासाठी आलेला हा नियम होता आणि त्याने रक्षण केलंही. रोह्याच्या एसटी स्टँडवर आडगिऱ्हाईक म्हणून जादा पैसे मागणाऱ्याला पुडा दाखवता येऊ लागला. पण त्याबरोबर एक खुंटी ठोकली गेली. कमाल किंमत ही किंमतच आहे असं सगळे धरून चालू लागले, आणि तिच्याखालचा प्रत्येक रुपया बचत ठरू लागला. खुंटी किती उंचीवर ठोकायची ते कारखानदाराच्या हातात. मेमधल्या आणि श्रावणातल्या भावांत जो फरक होता तो पाऊस ठरवत होता. हा फरक छापखान्यात ठरतो.

त्या खुंटीचा सर्वांत चोख वापर ज्याने केला, त्या राधाकिशन दमाणींनी किराणा धंद्याचा पहिला धडा घेतला तो नेरूळला, अपना बाजारची फ्रँचाइझी चालवून. गिरणीकामगारांच्या सहकारी दुकानाचा धागा असा डीमार्टला जाऊन मिळतो. २००२ साली पवईला पहिलं डीमार्ट उघडलं. जागा शक्यतो स्वतःच्या, माल पुरवणाऱ्याचे पैसे लवकर चुकते करून त्याच्याकडून भाव पाडून घ्यायचा, आणि रोजच थोडं स्वस्त विकायचं. त्याच काळात किशोर बियाणींच्या बिग बझारने उलट वाट धरली: २६ जानेवारी २००६ ला ‘सबसे सस्ता दिन’ जाहीर केला आणि दारात झुंबड उडवून दिली. रोजची स्वस्ताई टिकली. एका दिवसाची जत्रा २०२२ पर्यंत ओसरून गेली.

आता पेणहून पनवेलला जाण्याचा हिशेब करू. समजा ५००० रुपयांचं सामान आणि एमआरपीवर सरासरी आठ टक्के सूट, म्हणजे ४०० रुपये. जाऊन-येऊन पासष्ट-सत्तर किलोमीटर, गाडी लिटरला पंधरा किलोमीटर देते असं धरलं तर साडेचार लिटर पेट्रोल. चारशेच्या वर तिथेच गेले. रोह्याहून अंतर दुपटीच्या वर आहे, त्याचं बोलायलाच नको. दिवा-रोहा गाडीने पिशव्या घेऊन जाणाऱ्याचं गणित बरं जुळतं, आणि १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झाल्यापासून त्यांचंही. शिवाय पाच हजारांची यादी घेऊन गेलेला माणूस पाच हजारांतच परत येतो, असं आपण धरलं आहे. येत नाही.

रेशनच्या कागदाचं काय झालं तेही पाहायला हवं. १९९९ साली राज्यात शिधापत्रिकेचे तीन रंग झाले: पिवळी, केशरी, पांढरी. वर्षाला लाखाच्या वर उत्पन्न असलेल्या पांढऱ्या कार्डवाल्यांची रेशन दुकानाची वाट मोडली. कार्ड उरलं पत्त्याचा पुरावा म्हणून. धाटावच्या पगारदाराला मॉलकडे वळवायला याची थोडी तरी मदत झाली असणार. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने पात्र कुटुंबात माणशी पाच किलो धान्य हा हक्क झाला, तांदूळ ३ रुपये आणि गहू २ रुपये किलो, आणि जानेवारी २०२३ पासून तेही फुकट. २०२२ च्या दिवाळीत राज्याने ‘आनंदाचा शिधा’ दिला: रवा, चणाडाळ, साखर प्रत्येकी एक किलो आणि एक लिटर पामतेल, सगळं १०० रुपयांत. खावटी उचलणाऱ्या वाडीला एवढी मोठी सूट कुठल्याही दुकानाने कधी दिलेली नाही.

गावातला दुकानदारही हातावर हात धरून बसलेला नाही. एमआरपीवर सूट देणाऱ्या पाट्या पेण-रोह्याच्या बाजारपेठेतही लागल्या, सामान घरपोच जाऊ लागलं. दिवाळीची भिशी तर जुनीच: दरमहा थोडे थोडे द्यायचे आणि दिवाळीला फराळाचं सामान न्यायचं. व्याज बघितलं तर बँक बरी, असं म्हणता येईल. पण २०१० साली पेण अर्बन बँकेवर निर्बंध आले आणि लोकांच्या ठेवी अडकल्या, तेव्हापासून पेणमध्ये हे वाक्य जरा जपूनच बोलावं लागतं. डब्यातला तांदूळ निदान कुणी गोठवत नाही.

शेवटी एका ताज्या बदलाकडे लक्ष वेधायचं आहे. पूर्वी बिस्किटं, चहा, खाद्यतेल, पीठ, मीठ अशा जिनसा नियमाने ठरवून दिलेल्या वजनांतच विकाव्या लागत. २०२१ च्या दुरुस्तीने ते बंधन काढलं. आता लिटरच्या पिशवीसारखीच दिसणारी पण कमी वजनाची तेलाची पिशवी बेकायदा नाही. त्याच दुरुस्तीने बदल्यात एक गोष्ट दिली: एककाची किंमत, म्हणजे दर ग्रॅमला, किलोला किंवा लिटरला किती पडतात, ते पुड्यावर छापणं. समजा एका पिशवीत ९१० ग्रॅम तेल १५५ रुपयांना आहे आणि शेजारची ८०० ग्रॅमची, सूट जाऊन, १४० ला. पंधरा रुपये वाचले असं वाटतं. भागाकार केला तर पहिली किलोला साधारण १७० रुपये पडते, दुसरी १७५. शाम्पूच्या बाबतीत उलटंही घडतं. कित्येकदा मोठ्या बाटलीपेक्षा रुपया-दोन रुपयांची पुडीच मिलिलिटरला स्वस्त असते. छापलेली एककाची किंमत एमआरपीवरून काढलेली असते, म्हणून सूट असेल तिथे भागाकार आपल्यालाच करावा लागतो, मोबाइलवर अर्ध्या मिनिटात होतो. तेवढं करावं. ती ओळ एमआरपीच्या आसपासच असते, अक्षर बारीक असतं. चष्मा बरोबर न्यावा.